रिकाम्या खोलीतली सावली

गुरुवारी दुपारी ड्युटी आटोपून एक्स-रेवाली घरी आली, चपला काढता काढता तिने फोन उघडला आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी ती दारातच उभी राहिली. प्रदर्शनवाल्यांचं पत्र आलं होतं. पत्र कसलं, नोटीसच ती.

"आपलं 'रिकामी खोली' हे छायाचित्र परीक्षकांनी तूर्त बाजूला ठेवलं आहे. खोली रिकामी आहे, पण जमिनीवर माणसाची सावली आहे. सावलीचे पाय चित्राच्या आत आहेत आणि त्या पायांवर माणूस नाही. सावली मागाहून चिकटवल्याचा दाट संशय आहे. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पटेल असा खुलासा आला नाही, तर आपली आजवरची सगळी छायाचित्रं दालनातून उतरवण्यात येतील."

एक्स-रेवाली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौदा वर्षं ती इस्पितळात एक्स-रे काढत होती, म्हणून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तसंच म्हणत. आणि पडद्यातल्या त्या दुसऱ्या जगात शिरताना नाव विचारलं, तेव्हा तिने तेच ठोकून दिलं. त्या जगात माणसं बाहुल्या होऊन हिंडतात. हवा तो देह चढवायचा, हवी तिथे जागा घ्यायची, घरं बांधायची, गप्पा टाइप करायच्या. आणि काही वेडे तिथे फक्त फोटो काढतात. तिथलं ऊन खोटं, दिवे खोटे, सावल्या तर कॉम्प्युटरने हिशोब करून रंगवलेल्या. पण या वेड्यांचे नियम मात्र खऱ्याहून कडक. क्लिकच्या आधी काय वाट्टेल ते करा. सूर्य हलवा, भिंत पाडा, पाहिजे तर डोंगर उचलून शेजारी ठेवा. क्लिकनंतर कात्री लावायची नाही. लावली आणि पकडला गेला, की त्या माणसाचं नाव तिथे पुन्हा कोणी घेत नाही.

तिचं नाव घेत होते. तीन वर्षांत तिची एकोणीस चित्रं त्या दालनात लागली होती आणि प्रत्येकाखाली 'कात्री नाही' असा शिक्का होता. दिवसभर कोणाची मोडलेली मनगटं, कोणाच्या पाणी भरलेल्या छात्या टिपणाऱ्या बाईचं स्वतःचं असं हे एवढंच होतं. त्यामुळे पत्र वाचून तिला आधी रडू आलं, मग राग आला आणि मग संशय आला. रडू आणि राग चहाबरोबर ओसरले. संशय तेवढा मुक्कामाला राहिला.

तिने चित्र मोठं करून पाहिलं. इस्पितळात असते तशी थांबायची खोली तिने त्या जगात बांधली होती: भिंतीला टेकून आठ खुर्च्या, डाव्या अंगाला खिडकी, खिडकीतून आलेलं आडवं ऊन. त्या उन्हात, तिसऱ्या खुर्चीपाशी, एक किडकिडीत माणूस फरशीवर लांबलचक पसरला होता. शेजारी तीन काटक्या वरच्या टोकाला बांधल्यासारखं काहीतरी. चित्र काढताना ती तिला खिडकीच्या गजांची सावली वाटली होती. आता नीट पाहिलं तर तो कॅमेऱ्याचा स्टँड होता. लोकांच्या छातीतले मसुराएवढे डाग हुडकणारी बाई, आणि स्वतःच्या फोटोतला अख्खा माणूस तिच्या नजरेतून सुटला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन तिच्या खोलीत कोण कशाला उभं राहील? चोरायला. तिच्या चौकटी, तिचे कोन, तिचं ऊन चोरायला. दुसरं कारण तिला सुचेना.

तरी पहिला संशय तिने मशिनवर घेतला, कारण मशिन उलटून बोलत नाही. पंधरा दिवसांपूर्वीच दुकानदाराने तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. जुन्याला सावल्यांचा भार झेपायचा नाही. सावली चालू केली की पंखा विमानासारखा घोंघावायचा आणि पडदा गोठायचा. म्हणून तीन वर्षं तिने सावल्या बंद ठेवूनच काम रेटलं होतं. 'रिकामी खोली' हे तिचं सावल्या चालू करून काढलेलं पहिलं चित्र. पहिल्याच घासाला माशी.

संध्याकाळी जेवायला ती आणि सासरे दोघंच होते. नवरा पंधरा-पंधरा दिवस पुलांच्या साइटवर असायचा. सासऱ्यांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लोक फोनवर फोटो काढायला लागले तसा तो बंद पडला, मागोमाग सासूबाई गेल्या, आणि गेल्या वर्षी ते दोन पेट्या आणि एक लाकडी स्टँड घेऊन यांच्याकडे राहायला आले. स्टँडवर आता ते शर्ट वाळत टाकत. सुरुवातीला बरं बोलायचे. मग हळूहळू तोंड मिटलं. संध्याकाळी खोलीचं दार लावून घ्यायचे, ती चहा घेऊन गेली की मांडीवरचा जुना लॅपटॉप फट्‌कन मिटायचे. आणि तीन आठवड्यांपूर्वी जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी लेकीकडे जातो राहायला. सोमवारची गाडी बघितलीय." ती म्हणाली होती, "तुमची इच्छा, बाबा." मनातून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटली होती.

आज ते ताटाकडे बघतच म्हणाले, "थांबायच्या खोलीत ऊन इतकं आडवं येत नाही. असलं ऊन अंगावर येतं."

"कुठल्या खोलीत?" तिने विचारलं.

"कुठल्याही," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

तिने ते चित्र घरात कोणालाही दाखवलेलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

जेवण उरकून तिने गॅलरीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. "बाबा माझ्या कॉम्प्युटरला हात लावतात का रे, मी नसताना?"

तो पलीकडून हसू दाबल्यासारखा म्हणाला, "मला कशाला विचारतेस? तुमच्या दोघांच्यात मी पडत नाही बाबा. तुमचं तुम्ही बघा."

"आमचं काय आहे त्यात?"

"हो, हो. काहीच नाही," म्हणून त्याने फोन ठेवला. आपल्याला सोडून या दोघांचं काहीतरी शिजतंय, याबद्दल तिला आता शंका उरली नाही.

शुक्रवारी कामावर जाताना तिने सापळा लावला. एक्स-रे काढताना डावं-उजवं कळावं म्हणून शिशाचं नखाएवढं अक्षर ठेवतात. तसलं एक तिच्या पर्समध्ये कायम असायचं. ते तिने कीबोर्डच्या दोन बटणांमध्ये, केसाएवढ्या फटीत, उभं करून ठेवलं. कोणी एक बटण दाबलं तरी पडलं असतं. संध्याकाळी येऊन पाहते तर अक्षर जसंच्या तसं उभं. सासरे आपल्या खोलीत, दार लावलेलं, आतून काही आवाज नाही. म्हणजे कॉम्प्युटरला हात लागला नव्हता आणि तरी म्हाताऱ्याला खोलीतलं ऊन माहीत होतं. ती आणखीच चक्रावली.

मग तिने पदर खोचला आणि सावलीची तपासणी सुरू केली. कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला, प्रोग्रामने साठवून ठेवलेला जुना गाळ पुसला, मशिन बंद करून चालू केलं आणि त्या जगात आपल्या खोलीत जाऊन उभी राहिली. सावली होतीच. आज तिसऱ्या खुर्चीपाशी नव्हती, डावीकडच्या दिव्याजवळ होती. कार्ड बिघडलं असतं तर सावली जागा कशाला बदलेल?

तिने सावलीचा दर्जा खाली आणला. कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दातेरी झाल्या, पण माणूस माणूसच राहिला. दर्जा वर नेला, तर शर्टाची कॉलरसुद्धा दिसायला लागली. सूर्य मावळवला, सावली गेली. पुन्हा उगवला, आली. डाग असता तर अंधारातही दिसला असता. ही सावलीच होती, उजेड अडवल्याने पडलेली, म्हणजे उजेड अडवणारं काहीतरी तिथे उभं होतं.

एका फिल्मवर विश्वास ठेवू नये हे तिला चौदा वर्षांनी शिकवलं होतं. समोरून एक काढावी, बाजूने एक काढावी, मग छर्रा नेमका कुठे रुतलाय ते कळतं. तिने सूर्य मावळवून खोलीत दोन दिवे लावले, एक समोरून, एक आडवा. त्या जगात एका वेळी दोनच दिव्यांच्या सावल्या पडतात. तिसरा नुसता उजेड देतो. तिला दोनच पुरे होते. फरशीवर दोन सावल्या पडल्या आणि दोघींचे पाय एकाच जागी मिळाले. भिंतीपासून दोन पावलं, दिव्यापासून एक.

तिने आपली बाहुली त्या मोकळ्या जागेवर चालवत नेली. बाहुली अडली. समोर काही नाही आणि बाहुली भिंतीला टेकल्यासारखी जागच्या जागी पाय हलवत राहिली. मग दोन्ही सावल्या एक पाऊल मागे सरकल्या.

एक्स-रेवालीने कीबोर्डवरचा हात काढून छातीवर ठेवला. मग टाइप केलं, "कोण आहे?"

उत्तर नाही. सावली हलत नव्हती.

"कोण आहे विचारतेय."

काही नाही. ती वाट पाहत राहिली आणि जसजशी वाट पाहिली तसतशी तापत गेली. अंगावर न दिसणारा देह चढवून हा माणूस तिच्या खोलीत उभा राहतो, तिच्यामुळे नव्हे तर त्याच्यामुळे तिचं नाव मातीत जातंय, आणि वर तोंड उघडत नाही. तिने एका दमात लिहिलं, "चोर कुठला! दुसऱ्याच्या जिवावर फोटो काढतोस? चालता हो इथून. पुन्हा दिसू नकोस."

सावली थोडा वेळ तशीच राहिली. मग एकदम नाहीशी झाली.

तिला बरं वाटलं. चांगलं खडसावलं म्हणून ती पाणी प्यायला उठली, तर सासरेही खोलीतून बाहेर आले होते आणि माठापाशी उभे होते. तिच्याकडे न बघता त्यांनी अर्धा पेला पाणी घेतलं, पेला विसळून पालथा ठेवला आणि आत जाऊन दार लावलं. जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "मी गाडी बदलून घेतली. सोमवारी नाही, उद्याच निघतो."

"एकदम का, बाबा?"

"एक दिवस आधी गेलं म्हणून काय बिघडलं? तुलाही तुझी कामं असतात."

शब्द साधे होते, पण 'कामं' हा शब्द त्यांनी बोट ठेवून म्हटल्यासारखा म्हटला. चोराच्या मनात चांदणं, असं तिच्या मनात आलं. हा माणूस काहीतरी करून बसलाय आणि पळतोय. काय, ते मात्र तिला जुळवता येत नव्हतं.

खुलाशाला आता दीड दिवस उरला होता. हाताशी काय होतं? सावली खरी आहे एवढंच. सावली कोणाची ते सांगता आलं नाही तर परीक्षक हसून कागद बाजूला टाकतील. तिने संशयितांची यादी केली आणि त्यात एकच नाव लिहिलं: बगळा. हा तिथला दुसरा नावाजलेला फोटोवाला, तासन्‌तास एका जागी उभा राहून उजेडाची वाट बघायचा म्हणून बगळा. या वर्षी त्याचंही चित्र प्रदर्शनात होतं आणि कोन थेट तिच्या धाटणीचा होता. तिने त्याला लांबलचक निरोप लिहिला. त्यात 'नीच' हा शब्द दोनदा आला.

दुपारी त्याचं उत्तर आलं.

"ताई, तुमच्या खोलीत मी आयुष्यात एकदाच आलोय, सहा महिने झाले त्याला. तेव्हा फोटो काढला होता, सोबत पाठवतो. न दिसणारा देह वगैरे मला काही जमत नाही. पण स्टँडवाल्या माणसाचं म्हणत असाल, तर तो तुमचाच मदतनीस ना? रोज संध्याकाळी तुम्ही जिथे जाल तिथे तुमच्या मागे उभा असतो की. आम्हाला सगळ्यांना दिसतो. भला माणूस आहे. दिव्यांबद्दल फार छान सांगतो. तुम्ही त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही, याचं मात्र आम्हाला नवल वाटतं."

तिने फोटो उघडला. तिची बाहुली पाठमोरी, दिवा हलवत असलेली. आणि तिच्या मागे, डाव्या खांद्याशी, एक साधा बाहुला. नवख्यांना फुकट मिळतो तो देह, करडा शर्ट, हात मागे बांधलेले, शेजारी लाकडी स्टँड. डोक्यावर नाव तरंगत होतं: खांबोबा.

सासूबाई होत्या तेव्हा सासऱ्यांचं हे नाव दिवसातून दहा वेळा घरात गाजायचं. ताट वाढलं तरी हा माणूस खिडकीतला उजेड बघत खांबासारखा उभा. "अहो खांबोबा, जेवायला येताय का भिंतच देऊ बांधून?" त्या गेल्यावर ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक यादी असते, ती तिने उघडली. फोटो काढण्याआधी तिथले लोक चौकटीत केर काढतात. कोणी अनोळखी बाहुला मध्ये आला, की त्याच्यावर क्लिक करायचं आणि आपल्या पडद्यावरून काढून टाकायचं. दोन पर्याय असतात, तात्पुरतं आणि कायमचं. तात्पुरते काढलेले पुन्हा उगवतात, म्हणून ती सरसकट 'कायमचं' दाबायची. मग तो माणूस तिला दिसायचा नाही, त्याचं बोलणं तिच्या पडद्यावर उमटायचं नाही. बाकी जगाला तो जसाच्या तसा. सावल्या बंद होत्या तोवर काम चोख होतं. देह पुसताना सावली पुसायला प्रोग्रामवाले विसरलेत, हे तिला कळायला नवं कार्ड लागलं. आणि ही यादी तिला आधी का आठवली नाही? केर काढणारा माणूस केर लक्षात ठेवतो का?

चारशे बारा नावं होती. खांबोबा सापडला. तारीख सात महिन्यांपूर्वीची. तिला आता अंधूक आठवलं: एक गबाळा नवखा, धडपडत भिंतीला थडकणारा, नेमका चौकटीच्या मध्ये येऊन उभा राहिलेला. नावही न वाचता तिने त्याला उडवलं होतं. त्यांचा त्या जगातला पहिलाच दिवस असणार.

'परत आणा' असं बटण होतं. तिने दाबलं. खोलीत कोणी आलं नाही. आठ खुर्च्या, आडवं ऊन, आणि खरोखरची रिकामी खोली. काल संध्याकाळी तिने टाइप केलेलं वाक्य अजून पडद्याच्या कोपऱ्यात होतं: चोर कुठला.

ती उठली आणि सासऱ्यांच्या दारावर टकटक केली. आत ते पेटी भरत होते. शर्ट घड्या करून ठेवलेले, लाकडी स्टँड मिटून दोरीने बांधलेला. लॅपटॉप पलंगावर, मिटलेला.

"बाबा, खांबोबा तुम्ही आहात?"

ते वळले नाहीत. "ओळखलंस वाटतं. सात महिन्यांनी."

"मला तुम्ही दिसतच नव्हतात."

"चांगलंय." त्यांनी शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. "दिसत नव्हतो, तर शिव्या कोणाला दिल्यास?"

तिने सगळं सांगितलं. केर कसा काढतात, कायमचं म्हणजे काय, सावली का उरली. ते ऐकत पलंगाच्या कडेवर बसले. फोटोवाल्याला तांत्रिक गोष्ट कळायला वेळ लागत नाही, कळली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी तिथे बोललो, त्यातलं एकही..."

"एकही नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

"अरेच्चा," ते म्हणाले आणि एकदम हसायला लागले, पण ते हसू फार टिकलं नाही. "मी तुला मुख्य दिवा कुठे ठेवायचा ते सांगायचो. तू ऐकायची नाहीस. म्हटलं, नव्या पिढीला म्हातारा नको. मग मी मुद्दाम मध्ये जाऊन उभा राहायला लागलो. म्हटलं, चिडून 'सरका' तरी म्हणेल. तू माझ्या अंगावरनं फोटो काढलास आणि गेलीस."

"घरात का नाही बोललात? रोज एकत्र जेवायला बसतो आपण."

"घरात काय बोलणार? घरात आपण मीठ दे, औषध घेतलं का, एवढंच बोलतो. तिथे तू कामात असतेस. मला कामातली माणसं कळतात. पोराला म्हटलं होतं, तिला सांगू नकोस, माझं काम बघून तीच ओळखेल. नंतर त्याला म्हणालो, ती बोलत नाही रे माझ्याशी. तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा."

तिला नवऱ्याचा गळा धरावासा वाटला.

"गेल्या महिन्यात विचारलंसुद्धा होतं," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"लेक बोलावतेय, जाऊ का राहू, असं. तोंडावर विचारलं तर तू 'राहा'च म्हणणार, सून आहेस. तिथे म्हटलं, खरं ते सांगेल. दोनदा विचारलं." ते स्टँडच्या दोरीची गाठ उगाच चाचपत होते. "तू दिवा हलवत राहिलीस. मग मी गाडी बघितली."

एक्स-रेवाली दाराला टेकून उभी राहिली. गेल्या महिन्यात तो प्रश्न ऐकू आला असता तर आपण काय लिहिलं असतं, हे तिला सांगता येईना. याचंच तिला जास्त वाईट वाटलं. मिटणारा लॅपटॉप, लावलेलं दार, ताटावरची चुप्पी, सगळ्याला तिने किती नावं ठेवली होती. आणि सात महिने हा माणूस रोज संध्याकाळी तिच्या डाव्या खांद्याशी उभा होता.

"पेटी राहू द्या जरा," ती म्हणाली. "परीक्षकांना पुरावा हवाय. तीच खोली, तेच ऊन, आणि तुम्ही दिसताय असा फोटो. याल?"

"मी चाळीस वर्षं कॅमेऱ्याच्या मागे होतो. पुढे उभं राहायला जमत नाही."

"मग मध्ये येऊन उभे कसे राहायचात?"

त्यांनी लॅपटॉप उघडला.

ती आपल्या खुर्चीत येऊन बसली. थोड्या वेळाने पडद्यावर तिसऱ्या खुर्चीपाशी करड्या शर्टातला बाहुला उगवला, आणि त्याच्या पायाला चिकटून त्याची सावली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पडद्यावर खांबोबाची ओळ उमटली.

"डावीकडचा दिवा हातभर वर घे. कधीचा सांगतोय."

तिने घेतला. खुर्च्यांच्या सावल्या फरशीवर शांत निजल्या आणि अंगावर येणारं ऊन भिंतीला टेकून बसलं. सहा महिने ती ज्या गोष्टीशी झटत होती ती अशी एका ओळीत सुटली. तिने क्लिक केलं.

मग तिने खुलासा लिहिला. "सावली चिकटवलेली नाही. तिथे माणूस होता. त्याला मीच माझ्या पडद्यावरून काढलं होतं, क्लिकच्या आधी; त्यामुळे ते नियमात बसतं. सोबतच्या फोटोत तो दिसतो. ते माझे सासरे आहेत." 'नियमात बसतं' हे शब्द वाचताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ते खोडले, पण त्यांच्याशिवाय खुलासा पुरा होत नव्हता, म्हणून पुन्हा लिहिले आणि पाठवून दिलं.

बाहुला अजून तिथेच उभा होता, हात मागे बांधून. शेजारच्या खोलीत म्हातारा खोकला. भिंतीपलीकडे हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. तिने टाइप केलं, "बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना. राहा."

मग ओळ उमटली, "सून आहेस म्हणून म्हणतेस."

"तोंडावर नाही म्हणत," तिने लिहिलं. "इथे म्हणतेय."

शेजारच्या खोलीत दोरी सुटल्याचा आवाज आला, आणि मग लाकडी स्टँडचे तीन पाय एकामागून एक फरशीवर टेकले.